अक्षत न आलेलं वर्ष

काशीच्या दुर्गाघाटावरच्या, माझ्या वडिलांच्या गुरुजींच्या घराचं आता गेस्ट हाउस झालं आहे. ज्या घराच्या ओसरीवर एकेकाळी समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला पाणी कुठल्या भांड्यातून द्यावं यावर तासन् तास खल चालायचा, तिथे आता समुद्र ओलांडून आलेल्यांनाच खोल्या मिळतात. दारावर इंग्रजी आणि कोरियन भाषेत पाटी आहे. जिन्यात ओले टॉवेल वाळत घातलेले असतात. मागच्या महिन्यात आईला भेटायला भोपाळहून गेले होते, तेव्हा सहज आत डोकावले. ओसरीची तांबडी जमीन तीच होती, आणि एक बाई गुडघ्यांवर बसून तिला मेणाचं पॉलिश लावत होती. तो वास नाकात गेला आणि मी काशीत राहिलेच नाही. थेट हरारेला, मुलींच्या वसतिगृहाच्या लांबलचक व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

तिथली जमीनही अशीच तांबडी होती. दर शनिवारी सकाळी बायका ती घासायच्या. मेण आणि रॉकेल यांचा मिळून एक वास असतो, थोडा डोक्यात जाणारा, थोडा हवासा वाटणारा. काथ्याच्या ब्रशाचा खर्र खर्र आवाज चालू असायचा, त्या आवाजावर एखादी बाई गाणं धरायची, आणि दुसरी दुसऱ्या टोकाकडून ते पुढे न्यायची. मी खोलीत अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकायची. एकीनं टाकायचं आणि दुसरीनं झेलायचं, हा प्रकार माझ्या कानांच्या ओळखीचा होता. आमच्या घरात वडील, म्हणजे अप्पा, वेद म्हणायचे.

हे नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचं आहे. मी बनारसला वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करत होते, आणि दोन सरकारांच्या कसल्याशा करारातून मला झिंबाब्वेच्या विद्यापीठात वर्षभर नाचणी शिकायला पाठवलं गेलं. नाचणी शिकायला एवढ्या लांब कशाला जायचं, असं गल्लीत पुष्कळांनी विचारलं. तर नाचणी मूळची आफ्रिकेतलीच. फार पूर्वी कधी तरी समुद्र ओलांडून ती आपल्याकडे आली, आणि तिच्याकडून कुणी प्रायश्चित्त मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. माझं मात्र तसं नव्हतं. मी दुर्गाघाटावरच्या एका घनपाठी वैदिकाची मुलगी होते.

ज्या दिवशी पत्र आलं त्या दिवशी मी अप्पांना विचारायलाही घाबरत होते. अप्पा सोवळ्याचे कडक. बाजारची मिठाई त्यांनी जन्मात तोंडात घातली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, पत्र परत दिलं आणि म्हणाले, "आपले पूर्वज कोकणातून काशीला कशाला आले होते? हवा खायला? विद्या जिथं मिळते तिथं जायचं. जा."

आईनं डोळ्यांना पदर लावला, आणि मग लगेच मेतकूट करायला डाळी भाजायला घेतल्या.

गल्लीला मात्र नवा विषय मिळाला. पानवाल्याच्या ठेल्यापासून ब्रह्माघाटापर्यंत एकच चर्चा, की विमान समुद्रावरून उडत गेलं तर समुद्र ओलांडला असं धरायचं का? एक पक्ष म्हणे, पाण्याला स्पर्शच नाही तर दोष कसला. दुसरा म्हणे, सावली तर पडली ना पाण्यावर? आई वैतागून म्हणायची, "ह्यांना काही काम नाही. पोरीचे पाय तरी भिजणार आहेत का?" शेवटी सगळ्यांनी ठरवलं, की मोठे गुरुजी काय म्हणतात ते बघायचं.

मोठे गुरुजी म्हणजे अप्पांचे गुरू. अप्पा मुंजीनंतर त्यांच्याकडे गेले ते संहितेपासून घनापर्यंत वेदपठणाचे सगळे प्रकार त्यांच्या तोंडून शिकले. गुरुजी ऐंशीच्या घरातले, काटकुळे, आणि आवाज असा की समोरच्या भिंतीवरचं कबूतर उडून जावं. दर पौर्णिमेला त्यांच्या ओसरीवर वसंतपूजा व्हायची. नाव वसंतपूजा, पण ती बारा महिने असायची. वैदिकांच्या दोन रांगा समोरासमोर बसायच्या. एका रांगेनं मंत्राचा एक तुकडा म्हणायचा, समोरच्या रांगेनं पुढचा उचलायचा. एका रांगेच्या डोक्याला गुरुजी, आणि बरोबर त्यांच्या समोर अप्पा. अप्पा घरी अबोल माणूस. त्या पाटावर बसले की तेच अप्पा रुंद झाल्यासारखे दिसायचे. आम्ही बायका आतल्या खोलीत बसून ऐकायचो. मला अर्थ कळत नसे, पण अप्पांचा आवाज कुठला ते डोळे मिटूनही कळे.

मी गुरुजींच्या पाया पडायला गेले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच, आणि पुन्हा जपाला लागले. जा म्हणाले नाहीत, जाऊ नकोस म्हणाले नाहीत. गल्लीनं त्या न बोलण्याचे हजार अर्थ लावले.

मी आषाढात निघाले आणि उतरले ती थंडीत. तिकडे ऋतू उलटे. आई इकडे छत्री शोधत असेल तेव्हा मी तिकडे दोन स्वेटर चढवून बसलेली. सकाळी कोरडी, खणखणीत थंडी, आभाळ निळंभोर, आणि होले घुमायचे, काशीतल्या कबुतरांपेक्षा थोड्या घाईत. मग हळूहळू थंडी उतरली. रानातल्या झाडांना पालवी फुटली ती हिरवी नाही, लाल. पुढे रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना जॅकरांडा असा फुलला की डांबर दिसेना, नुसता जांभळा सडा. पायाखाली फुलं फुटायची तो आवाज मला अजून आठवतो. प्रयोगशाळेत मी नाचणीचे दाणे चिमट्यानं उचलून काचेवर मांडत बसायची, आणि खिडकीतून ती फुलं आत यायची.

माझ्या खोलीतली सोबतीण चिपो. तिच्या भाषेत चिपो म्हणजे भेटवस्तू. उंच, मोठ्यानं हसणारी, आणि कुणाचीही नक्कल करणारी. पहिल्याच आठवड्यात माझ्या चालण्याची नक्कल करून तिनं सगळा मजला हसवला. तिनंच मला सकाळचा नमस्कार शिकवला. तिकडे सकाळी भेटलं की विचारायचं, "झोप लागली का?" आणि उत्तर द्यायचं, "मला लागली, तुम्हाला लागली असेल तर." मला हे इतकं आवडलं की मी दिसेल त्याला विचारत सुटले. मेसचा आचारी, ग्रंथपाल, फाटकावरचा म्हातारा रखवालदार, सगळे थांबून, हातांचे तळवे हलकेच एकमेकांवर वाजवून मला उत्तर द्यायचे. कुणालाही घाई नसायची.

खाण्याचे हाल होतील म्हणून आईनं दिलेलं मेतकूट मी आधी जपून जपून खाल्लं. मग एक दिवस चिपोनं सड्झा वाढला. मक्याचं पीठ शिजवून केलेला पांढराशुभ्र, घट्ट गोळा. हातात घेतला आणि मला हसूच आलं. ही तर आपली उकड! ताक-मिरची नसलेली, पण उकडच. आणि तोंडी लावायला हिरवी पालेभाजी, तीही दाण्याचं कूट घातलेली. दाण्याच्या कुटाशिवाय भाजी म्हणजे पाप, असं मानणाऱ्या घरातली मी. मला एकदम वाटलं, या लोकांचं आणि आपलं कुठे तरी जुनं नातं असणार. वाळवलेल्या सुरवंटांची भाजी मात्र तिनं डब्यातून काढली तेव्हा मी खोलीबाहेर पळाले, आणि पुढे महिनाभर त्यावरून माझी टिंगल चालली.

सुट्टीत चिपोनं मला तिच्या गावी नेलं. बसनं उतरून लाल मातीतून चालत गेलो. भोवती मोठमोठे काळे खडक, कुणी तरी एकावर एक रचून ठेवल्यासारखे. तिच्या घराच्या कुंपणाशी आलो तशी चिपो थांबली. मी पुढे निघाले तर तिनं माझा हात धरला. मग तिनं तिथूनच हाक दिली, "आम्ही पोचू का?" आतून उत्तर आलं, "पोचा!" तेव्हा कुठे आम्ही आत गेलो. स्वतःच्याच घरी.

चिपोच्या आईला सगळे अमाई म्हणत, म्हणजे आईच. तिला इंग्रजी येत नव्हतं, चिपो मधे बसून बोलणं पोचवायची. जेवणाआधी अमाई गुडघे टेकून बसली आणि तिनं माझ्या हातांवर पाणी घातलं, खाली परात धरून. मला संकोच वाटला, पण ती रीतच होती. ताटात कोंबडी आली. माझा चेहरा पाहून अमाईनं चिपोला काही विचारलं.

"ती विचारते, तुझं कुळाचं जनावर कुठलं?"

तिकडे प्रत्येकाच्या कुळाला एक जनावर असतं. अमाईचं हत्ती. आपलं जनावर आपण खायचं नाही, आणि त्याच कुळात लग्न करायचं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे जनावर नाही, पण ऋषी असतात, त्याला गोत्र म्हणतात, आणि सगोत्र लग्न आम्हीही करत नाही. हे ऐकून अमाईनं मांडीवर थाप मारली. शेजारच्या बायकांना हाका मारमारून तिनं सांगितलं. मग ताट उचलून तिनं निकाल दिला. "सगळीच जनावरं हिच्या कुळाची आहेत. हिला कुणी आग्रह करू नका." त्या गावात मला पुन्हा कुणी कधी मांस वाढलं नाही.

हे सगळं सांगताना वाटतं, किती सुखाचं वर्ष होतं ते. होतंच. पण त्या सुखाला मधेच एक खडा लागला, आणि तो पुढे शेवटपर्यंत टोचत राहिला.

आमच्या घरी फोन नव्हता. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या औषधाच्या दुकानाचा नंबर मी लावायची, दुकानदार मुलाला पिटाळायचा, आणि आई धापा टाकत यायची. मागून घंटा, ओरडा, "हटो, हटो, सांड आ रहा है," सगळं ऐकू यायचं. आई प्रत्येक वाक्य ओरडून बोलायची, आफ्रिका लांब आहे म्हणून. एका पौर्णिमेला मी मुद्दाम सकाळी फोन केला. अप्पा त्या वेळी वसंतपूजेला असणार, म्हणजे आईशी निवांत बोलता येईल. अप्पा फोनवर आले की गप्पच बसायचे, आणि मग मला रडू यायचं.

फोनवर अप्पाच आले.

"अप्पा? आज पौर्णिमा ना? तुम्ही घरी कसे?"

अप्पा म्हणाले, "अक्षत नाही आली."

आमच्याकडे वैदिकांना बोलावणं करतात ते अक्षत देऊन. आदल्या दिवशी गोविंदभट, म्हणजे गुरुजींकडचा जुना माणूस, कुंकू लावलेल्या तांदळांची वाटी घेऊन गल्लीतून फिरायचे. ज्याच्या हातावर चार दाणे पडले त्याला निमंत्रण. ज्याच्या दारावरून ते नुसते पुढे गेले त्यानं काय ते समजून घ्यायचं. अक्षतीशिवाय जायचं नाही, आणि का आली नाही हे विचारायचं तर मुळीच नाही. अप्पांनी पाटावर बसायला लागल्यापासून एकही पौर्णिमा चुकवली नव्हती.

"याच वेळी नाही आली?" मी विचारलं.

"तू गेलीस त्याच्या नंतरच्या पौर्णिमेपासून," अप्पा म्हणाले. आणि लगेच, "तू चिंता नको करू. पढाई कर. जेवतेस ना नीट?"

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि त्या पॉलिशच्या वासाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसले. माझ्या पायी अप्पांना गुरूनं टाकलं होतं. मी इथे जांभळ्या फुलांवरून चालत होते, आणि तिकडे एक माणूस दर पौर्णिमेला धूत वस्त्र नेसून दाराशी बसत होता. पुढे आईकडून आणखी कळलं. दुसऱ्या घरांतून अक्षत यायची, पण अप्पा कुठे जात नव्हते. म्हणायचे, "गुरूनं टाकलं, मग दुसऱ्याकडे कुठल्या तोंडानं बसू?" शेजारचे येऊन सांगायचे, "गुरुजी तुमचा पाट मांडून रिकामा ठेवतात हं." त्यातही अप्पांना वाटे, आपली उणीव चारचौघांत दाखवली जाते आहे. ते रोज सकाळी घरी म्हणत, पण आवाज गल्लीत जाऊ नये इतक्या हळू.

त्यानंतर सकाळी कुणी "झोप लागली का" विचारलं की माझ्या तोंडून ते उत्तर निघेना. मी नुसती मान हलवायची. चिपोच्या ते लगेच लक्षात आलं. खनपटीला बसून तिनं सगळं काढून घेतलं, आणि पुढच्या सुट्टीत, नाचणीच्या मळणीला, अमाईच्या पुढ्यात मला बसवून तिला सांगितलं.

मळणी काळ्या सपाट खडकांवर चालली होती. ऊन तापलेलं, कणसांचा कोरडा गोडसर वास, बायका काठ्यांनी झोडपत होत्या आणि झोडपण्याच्या तालावर गात होत्या. मी परत जायचं म्हणते आहे, शिकणं अर्धवट सोडून, असं चिपोनं अमाईला सांगितलं. ते खरं होतं. मी तिकिटाची चौकशीही केली होती. अमाईनं काठी खाली ठेवली.

"म्हाताऱ्यानं तोंडानं सांगितलं का, येऊ नको म्हणून?"

"नाही."

"मग तुझे वडील घरात का बसले?"

"बोलावणं आलं नाही म्हणून."

अमाईला हे काही केल्या पटेना. ती म्हणाली, म्हातारी माणसं वाट बघतात, वाट बघतो असं सांगत नाहीत. आमच्यात असं झालं तर त्याच्या दाराशी जाऊन बसायचं. हाक द्यायची, आणि आतून कुणी विचारेपर्यंत हलायचं नाही. "वडील बसणार नसतील तर तू बस. पण आता नको. आधी तुझं धान्य घरात घे." एवढं बोलून तिनं पुन्हा काठी उचलली. मी परत जाण्याचा विचार सोडला, पण मनातली टोचणी काही गेली नाही.

वर्ष सरलं. निघताना वसतिगृहाच्या फाटकावर म्हाताऱ्या रखवालदारानं तळवे वाजवून निरोप दिला. चिपो रडत नव्हती, माझ्या रडण्याची नक्कल करत होती, आणि ती नक्कल करता करताच तिचा बांध फुटला. विमान समुद्रावरून जात होतं तेव्हा मी खाली बघितलं नाही.

बनारस स्टेशनावरून रिक्षानं चौकापर्यंत आले, पुढे गल्ल्यांतून बॅग ओढत. आधी संकठा घाटावर उतरून कपड्यांसकट गंगेत बुडी मारली, आणि तशीच ओलीचिंब दारात उभी राहिले. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. अप्पा मागे उभे होते. किती वाळले होते! गळ्याची हाडं दिसत होती. मी वाकले तर म्हणाले, "आलीस? बरं झालं." त्यांच्या आवाजातला तो भरीवपणा कुठे तरी गेला होता.

गल्लीनं माझं प्रायश्चित्त केव्हाच ठरवून टाकलं होतं. पंचगव्य, उपास, आणि दोन बोटं केस कापायचे. आई तणतणत होती, "केसांना हात तर लावू देत कुणी!" पण मी ठरवून आले होते. पंचगव्य तर पंचगव्य, केस तर केस. अप्पा पुन्हा त्या पाटावर बसायला हवेत. कोरडं लुगडं नेसले आणि कुणाला न सांगता निघाले.

गेस्ट हाउसच्या मॅनेजरनं मागच्या महिन्यात मला विचारलं, "मॅडम, कमरा देखेंगी?" मी म्हटलं, नको, नुसती ओसरी बघते. तो म्हणाला, इथे आता सकाळी योगाचा वर्ग भरतो, मैफलीही होतात, आवाज फार छान घुमतो. मी म्हटलं, माहीत आहे.

त्या दिवशी मी याच ओसरीच्या उंबऱ्यात बसले होते. दुपार होत आली होती. गुरुजी आत खांबाला टेकून बसलेले, शेजारी गोविंदभट दर्भ निवडत होते. माझ्या तोंडून हाक निघेना. बराच वेळ मी तशीच बसून राहिले. शेवटी गुरुजींनीच कपाळावर हात धरून पाहिलं.

"कोण ते?"

"मी. अप्पांची मुलगी."

"आलीस होय! केव्हा?"

"आज सकाळी."

"मग आत ये की. उंबऱ्यात काय बसलीस?"

"आत कशी येऊ, गुरुजी? प्रायश्चित्त व्हायचं आहे अजून."

"कसलं?"

"समुद्र ओलांडल्याचं."

गुरुजींनी डोळे बारीक केले. "गंगेत बुडी मारली?"

"मारली."

"मग झालं. तिथं काय चोरी करायला गेली होतीस? पढाई करायला गेलीस, पढाई करून आलीस." आणि मग एकदम त्यांचा तो कबुतरं उडवणारा आवाज लागला. "तुझं सोड. तुझा बाप कुठं आहे? मुलगी विलायतेला गेली तशी घमेंड चढली का त्याला? वर्ष झालं, तोंड नाही दाखवलं!"

"पण गुरुजी, अप्पांना अक्षत कुठे आली? त्यांना वाटलं, माझ्यामुळे तुम्ही त्यांना टाकलं."

"अक्षत?" गुरुजी सरळ बसले. "त्याला कशाला अक्षत? अक्षत पाहुण्याला देतात. घरच्याला कुणी अक्षत देतं का? माझा दम पुरत नाही आता. पौर्णिमा ह्यापुढं त्यानं चालवायची, असं मी ठरवलं. गोविंदाला सांगितलं, त्याच्या दारी अक्षत नको, तो आता घरचा."

आम्ही दोघांनीही गोविंदभटांकडे पाहिलं. त्यांच्या हातात दर्भ तसाच राहिला होता.

"तुम्ही म्हणालात अक्षत नको. म्हणून नाही दिली," ते म्हणाले.

"अरे, का नको ते सांगायचं ना त्याला!"

"ते सांग म्हणून कुठं म्हणालात?"

खरं तर ही रीत आम्हालाही ठाऊक होती. आपल्याच घरच्या लग्नात सख्ख्या काकाच्या हातावर कुणी अक्षत ठेवत नाही, ठेवली तर तो रुसतो. पण अप्पांच्या मनात कधी आलंच नाही की गुरू आपल्याला एवढं आपलं मानत असतील. आणि गुरुजींच्या मनात आलं नाही की हे तोंडानं सांगावं लागतं. विचारायचं नाही म्हणून एक विचारत नव्हता, सांगायचं काय त्यात म्हणून दुसरा सांगत नव्हता. दोघं दोन घरांत, मधे चार वळणांची गल्ली.

गुरुजींनी खांबाला हात लावला. मग हळू म्हणाले, "दर पौर्णिमेला त्याचा पाट मांडतो. कुणाला बसू नाही दिलं." "जा, घेऊन ये त्याला. आत्ताच."

मी धावत सुटले. चपला उंबऱ्याशीच राहिल्या. वाटेत सांड आडवा आला तर त्याला बाजूला ढकलला, त्यालाही आश्चर्य वाटलं असेल. छातीवरचा दगड उतरला म्हणतात ते शब्दशः खरं असतं, मला इतकं हलकं वाटत होतं की पायऱ्या लागल्याच नाहीत. मी हसत होते आणि रडतही होते, आणि पानवाला विचारत होता, "का भयल, बिटिया?"

अप्पांना सांगितलं. पुन्हा सांग म्हणाले. पुन्हा सांगितलं. मग आईला म्हणाले, "धूत उपरणं दे." उपरणं त्यांनी खांद्यावर घेतलं.

"मी विचारायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"वर्षभर मी काय कानडीत सांगत होते?" आई म्हणाली, आणि तिनंही पदर खोचला. आम्ही तिघं निघालो.

गोविंदभटांनी पाट समोरासमोर मांडले होते. पौर्णिमा नव्हती, रांगा नव्हत्या, नुसते दोन पाट. अप्पांनी साष्टांग नमस्कार घातला तो उठेचनात. गुरुजींनी पाठीवर हात ठेवला, "बस" म्हणाले. झाल्या गोष्टीबद्दल दोघंही एक अक्षर बोलले नाहीत. आई आणि मी आतल्या खोलीत जाऊन बसलो, बायकांच्या नेहमीच्या जागी.

गुरुजींनी सुरुवात केली. पहिला तुकडा त्यांनी टाकला, दम कमी झाला होता, पण धार तीच. अप्पांनी उचलला. घोगरा, दबलेला आवाज, वर्षभर गल्लीला चोरून म्हटलेला. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तो मोकळा होऊ लागला. आणि ऐन भरात अप्पांचा एक स्वर घसरला.

गुरुजींनी जमिनीवर थाप मारली. "थांब! हा स्वर असा आहे? वर्षभर काय भांग पीत बसला होतास? गाढवा, पुन्हा म्हण. पहिल्यापासून!"

पन्नाशीच्या अप्पांनी मान खाली घातली आणि पहिल्यापासून म्हणायला घेतलं.

आईनं माझं मनगट घट्ट धरलं. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि ती हसत होती.

"रागावले गं," ती माझ्या कानात म्हणाली, "बघ कसे रागावले त्यांना!"